आवाज आला का?

कुणाच्या घरी कॉम्प्युटर लावून द्यायला गेले की घरातली माणसं एकदम गप्प होतात. दार उघडणाऱ्यानं माझी पांढरी काठी पाहिलेली असते आणि आता एकमेकांना काय सांगावं हे त्यांना सुचत नसतं. मग कुणीतरी धीर करून विचारतं, "मॅडम, इंजिनीअर मागून येऊन राहिले का?"

"नाही, मीच आले," मी सांगते. "प्लग कुठे आहे?"

धामणगाव रेल्वेच्या एका अडत दुकानदाराच्या घरी तर मला आधी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा मिळाला. कॉम्प्युटर काही मिळेना. शेवटी त्यांचे आंधळे झालेले वडीलच आतून ओरडले, "अरे, तिले मशीन दाखवा ना! जेवाले बोलावलं का तिले?" त्या म्हाताऱ्यांना रोजचा पेपर ऐकायचा होता, बाकी काही नको. मशीनमधल्या आवाजाशी त्यांचं छान जमलं. ते त्याच्याशी भांडायचेही. एकदा फोन करून म्हणाले, "तुमची बाई आज नाराज आहे, घसा बसला तिचा." स्पीकरची वायर ढिली झाली होती.

आंधळ्या माणसाचा कॉम्प्युटर वेगळा मिळतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. तुमच्या टेबलावर आहे तोच कॉम्प्युटर. त्यात एक वाचक बसवायचा. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावर जे काही असेल ते तो बोलून दाखवतो. माउस मी सगळ्यात आधी काढून बाजूला ठेवते, कारण बाण कुठे आहे हे बघितल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. सगळं काम कीबोर्डवरून करायचं. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवर तर्जन्या ठेवल्या की बाकीची बटणं आपोआप बोटांखाली येतात. एवढं सरळ आहे. अवघड आहे ते कानाचं. डोळा एका दमात पूर्ण पान पाहतो, कानाला रांगेत उभं राहावं लागतं. एकेक शब्द, एकेक ओळ. ज्याच्याकडे ती रांग सोसण्याइतका धीर आहे तो शिकतो.

माझ्याकडे तो धीर नाही. मी शिकवते म्हणून लोक मला शांत समजतात, पण मशीन सुरू करून पहिला शब्द ऐकू येईपर्यंत माझा जीव खालीवर होत असतो. सवय म्हणून मी प्रत्येक वेळी मोठ्यानं विचारते, "आवाज आला का?" आवाज आला तर ठीक. नाही आला तर माझ्यापुढे एक मुका डबा असतो आणि आत काय चाललंय हे मला कळायचा मार्ग नसतो. डोळस माणसाचा पडदा काळा झाला तर त्याला निदान काळा झालेला तरी दिसतो.

मी मूळची बडनेऱ्याची. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते. लहानपणी गोवराच्या तापात माझे डोळे गेले, तेव्हा वस्तीतल्या बायका आईला म्हणाल्या, आता हिला घरात भाकरी थापायला शिकव. वडील म्हणाले, "शिकवीन, पण शाळेत." अमरावतीच्या अंधशाळेत राहून शिकले, पुढे एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाले. बोर्डावर बसून शंभर माणसांचे आवाज ओळखायचे. मग मोबाइल आले, बँकेतला तो बोर्ड निघाला. मला कुणी काढलं नाही. पगार चालू, खुर्ची चालू, काम तेवढं नाही. सकाळी जाऊन बसायचं, संध्याकाळी उठून यायचं. येणारेजाणारे "काय मॅडम, मजा आहे," म्हणायचे. त्या खुर्चीवर बसून मला जो त्रास झाला तो डोळे नसल्याचा कधी झाला नव्हता. त्याच अस्वस्थतेत मी कॉम्प्युटर शिकले. बँकेत काम मिळालं, आणि मग सुट्टीच्या दिवशी इतरांचे कॉम्प्युटर लावून द्यायला लागले. अमरावती, अकोला आणि अधलीमधली गावं. निवृत्त झाल्यावर तेच पूर्ण वेळ करते आहे.

सत्तारभाईंचा फोन आला तेव्हा मी बडनेऱ्याच्या फलाटावर होते. ते बाळापूरचे शिंपी. आवाज दबका, कुणी ऐकेल अशी भीती असल्यासारखा.

"मॅडम, आमच्या घरच्याईचे डोळे गेले. अकोल्याले सरकारी ऑफिसात टायपिस्ट आहे ते. साखरेची बीमारी. आतून रक्त उतरलं डोळ्यात. नागपूरले ऑपरेशन केलं, काही फायदा नाही झाला. आता घरीच असते. बोलत नाही, जेवत नाही बराबर. कॉम्प्युटर शिकवान का तिले?"

"त्यांना शिकायचंय का?"

"तिले ऑफिसात जायचं आहे."

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, असा कायदा आहे. सत्तारभाईंची बायको नसीम, ज्यांना मी पुढे बाजी, म्हणजे ताई, म्हणू लागले, त्यांनाही ऑफिसनं काढलेलं नव्हतं. साहेबांनी माणूस पाठवून निरोप दिला होता की बाईंनी आराम करावा, यायची गरज नाही, पगार वेळेवर होईल. निरोप देणाऱ्याला वाटलं आपण मिठाईच देऊन आलो. बाजींनी तो ऐकला आणि तेव्हापासून त्या बोलायच्या थांबल्या.

अकोल्याहून बस पकडून मी बाळापूरला गेले. सत्तारभाई स्टँडवर घ्यायला आले होते. घरात शिलाई मशीनच्या तेलाचा वास, नव्या कापडाचा वास. खाटेवर कुणीतरी बसलेलं होतं, बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला.

सत्तारभाईंनी घेतलेला लॅपटॉप मी टेबलावर ठेवला, वाचक बसवून सुरू केला. वाचक बोलायला लागला. बऱ्याच वेळानं खाटेवरून प्रश्न आला.

"तुमाले थोडंफार दिसते का?"

"नाही."

"बिलकुल नाही?"

"बिलकुल नाही."

"मंग बडनेऱ्याहून आल्या कशा?"

"रेल्वेनं अकोल्यापर्यंत, पुढे बसनं."

"एकट्या?"

"एकटी."

पुन्हा बांगड्या वाजल्या. त्या उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "हे कोण बाई बोलून राहिली? किती कोरडं बोलते. सासूसारखं." सत्तारभाई दारात हसले आणि लगेच खोकले.

मी त्यांचे हात कीबोर्डवर ठेवायला गेले, तर ते आधीच जागेवर होते. तर्जन्या एफ आणि जे वर. आणि मग त्या बोटांनी जे केलं ते ऐकून मी माझा हात मागे घेतला. असं टायपिंग मी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. अडखळणं नाही, चाचपणं नाही. सलग, एका लयीत.

पण वाचक मात्र बोलत होता: "ई, जी, के, एस, एन, सेमीकोलन."

त्या थांबल्या. "हे काय बोलली ते?"

"तुम्ही काय टाईप केलं?"

"महोदय."

पुन्हा टाईप केलं. पुन्हा तेच, ई, जी, के, एस, एन, सेमीकोलन. तिसऱ्यांदा केलं तेव्हा बोटं जोरात आपटत होती. "मी महोदय टाईप करून राहिली. बावीस-पंचवीस साल झाले, दररोज पयला शब्द हाच टाईप करतो. माही बोटं चुकत नाही. का चुकून राहिली? सांगा ना! डोक्यातही रक्त उतरलं का माह्या?"

त्यांना काय झालं होतं ते मला कळलं होतं, पण समजावून सांगेपर्यंत त्या खुर्ची मागे ढकलून उठल्या होत्या.

बाहेरच्यांसाठी सांगते. आपल्या ऑफिसांमधून वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये मराठी टाईप होत आलं. त्यात मशीनला मराठी येतच नाही. टाईप होतात ती इंग्रजी अक्षरंच, त्यांच्यावर फक्त मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. वरून मराठी, आतून इंग्रजी. डोळ्याला ते चालतं. वाचक मात्र आतलं वाचतो. म्हणून 'महोदय'चं ई, जी, के होतं. नव्या पद्धतीत, ज्याला युनिकोड म्हणतात, म हा आतूनही मच असतो. तो वाचता येतो.

"बाजी, तुमची बोटं बरोबर आहेत," मी म्हटलं. "मशीन चुकीचं आहे. मला जरा वेळ द्या."

टाइपरायटरची बटणं जिथे असतात तिथेच ठेवून नवी मराठी लिहिणारा कीबोर्ड मशीनच्या आतच बसवता येतो. मी तो लावला. कामाला वेळ लागला. त्या मागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. सत्तारभाईंनी पाणी आणलं, कुणी घेतलं नाही.

"बसा. आता करा."

त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच वाकून टाईप केलं आणि स्पेसचं बटण दाबलं.

"महोदय," वाचक म्हणाला.

मग त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि एका दमात पूर्ण अर्ज टाईप केला. विषय, संदर्भ, सविनय सादर, सगळं. वाचक मागून धावत होता. शेवटी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, पदनाम लिहिलं, आणि म्हणाल्या, "आता वाचून दाखव म्हणा तिले. पूर्ण." कोरड्या आवाजातला तो अर्ज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. आपल्याला कामावर पुन्हा हजर करून घ्यावं, असा तो अर्ज होता.

"सावकाश पाठवू," मी म्हटलं. "आधी थोडं शिकून घ्या."

"सावकाश कायले?"

हा प्रश्न त्यांनी मला पुढच्या काळात इतक्या वेळा विचारला की मला त्यांच्या फोनची धास्ती बसली. टायपिंग येत होतं, पण टायपिंग म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. फाईल शोधणं, उघडणं, चूक पकडणं, छपाईला देणं, हे सगळं कानानं करायचं होतं. त्यांना रांगेत उभं राहणं जमत नव्हतं. वाचकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या पुढचं बटण दाबायच्या आणि भलतीकडे जाऊन पडायच्या. मग मला फोन. "ताई, मी कुठे आहो आता?" मी अमरावतीत भाजी घेत असेन, बँकेच्या रांगेत असेन, कुठेही. "वाचक काय म्हणतोय?" "काही नाही म्हणत. मुकी झाली ते." "फोन त्याच्याजवळ धरा." अशी आमची शाळा. एकदा त्यांनी रागानं लॅपटॉप असा मिटला की झाकणाच्या कोपऱ्याला तडा गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. "काल काही बोलली असेल मी तर माफ करा. आता सांगा, ते मजकुराच्या शेवटी कसं जायचं?"

मीही अस्वस्थ होते. माझी शिकवलेली सगळी माणसं पुढे गेली नाहीत. परतवाड्याच्या एका शिक्षकांसाठी मी मोठ्या उमेदीनं मशीन लावून दिलं होतं. पुढे एकदा सहज गेले, तर घरातले त्यावर सिनेमा बघत होते आणि सर बाजूच्या खोलीत बसले होते. "मले नाही जमत आता," एवढंच बोलले. त्यांच्या घरून परत येताना आपण माणसांना उगीच आशा लावतो की काय, असं माझ्या मनात आलं होतं. बाजींच्या बाबतीत तोच विचार पुन्हा पाठ धरून बसला. त्यांना काही जमलं नाही तर पुढे काय?

अर्ज गेला. साहेबांचं बोलावणं आलं. मी बाजींसोबत गेले, सत्तारभाईही होते. साहेब माणूस चांगला. आवाजात खरी काळजी होती, आणि त्याच काळजीनं काम अडलं होतं.

"बाई, तुम्हाला त्रास कशाला? पगार थांबणार नाही, माझा शब्द आहे. रोज बाळापूरहून बसनं यायचं, जिने चढायचे, काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"साहेब, पगार कामाचा असते," बाजी म्हणाल्या. "मले काम द्या."

"काम म्हणजे... टायपिंग? कसं करणार?"

"या ताईले विचारा."

साहेबांनी मला विचारलं, मी सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. शेवटी ठरलं की पुढच्या आठवड्यात एक दिवस बाजींनी यावं, त्यांच्या जुन्या टेबलावर बसून काम करून दाखवावं. मग बघू. ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा गजानन म्हणून एक जण होता. तो म्हणाला बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी लागते. साहेबांनी तिथेच परवानगी दिली. त्याच दुपारी मी आणि गजाननानं मिळून वाचक बसवला, नवा मराठी कीबोर्ड बसवला, हेडफोन लावून पाहिले. आवाज स्वच्छ आला.

बाहेर आल्यावर सत्तारभाईंचा धीर सुटला. आवारातल्या बाकावर बसून म्हणाले, "नसीम, घरी कॉम्प्युटर आहे ना. घरीच करत जा. साहेब बराबर बोलून राहिले. रस्ता पार करतानी काही झालं तर?"

"तुमीच तर ताईले बलावलं."

"तू जेवावं म्हणून बलावलं! तू बोलावं म्हणून! मले काय मालूम तू बसमध्ये बसशीन म्हणून?"

बाजी हळू म्हणाल्या, "तुमचं दुकान बंद करून तुमाले खाटेवर बसवलं, आणि रोज टायमावर जेवण देलं, तर राहसान का?"

बसमध्ये सत्तारभाईंनी माझ्यासाठी आणि बाजींसाठी खिडकीजवळच्या दोन जागा धरल्या आणि स्वतः उभे राहिले.

तो दिवस आला. मी सकाळच्या गाडीनं अकोल्याला पोचले. ऑफिसात आम्ही गेलो तेव्हा बाजींच्या टेबलाभोवती माणसं जमली होती. जुन्या मैत्रिणी "नसीम आली, नसीम आली" करत होत्या. कुणीतरी रडत होतं. बाजी कुणाचा आवाज कुठून येतोय ते ओळखून नावं घेत होत्या. साहेब आले. मी हेडफोन बाजूला ठेवून स्पीकर लावायला सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल. मशीन सुरू झालं, पंख्याची घरघर आली.

"आवाज आला का?"

आवाज आला नव्हता.

वाचक सुरू करायची बटणं पुन्हा दाबली. काही नाही. हेडफोन लावून पाहिले. काही नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. त्या वेळात साहेब सभ्यपणे खाकरले. माझ्या शेजारी बाजींची बोटं टेबलाच्या कडेवर हळूहळू वाजत होती, टाईप करायची लय तीच, फक्त बटणं नव्हती.

"गजानन, पडद्यावर काय दिसतं?"

"सगळं बराबर आहे मॅडम."

"बराबर म्हणजे काय? काय लिहिलंय ते वाच."

तो वाचायला लागला. वाचक चालू होता. म्हणजे वाचक बोलत होता, आणि ते आमच्यापर्यंत पोचत नव्हतं. इतकंच मला कळलं. पुढचं सुचेना. मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "जाऊ द्या ना, बिचारीले कायले परेशान करता." तो 'बिचारी' शब्द बाजींनीही ऐकला.

"गजानन," त्या एकदम म्हणाल्या, "आठ दिवसांत या मशीनले कोणी हात लावला?"

"कोणी नाही जी. फक्त..." तो अडखळला. "साहेबांनी तुमच्यासाठी नवा मोठा मॉनिटर मागवला ना. काल लावला मी."

साहेब हळूच म्हणाले, "मला वाटलं, मोठा असला तर थोडं तरी दिसेल."

"केबल तीच आहे का?" मी विचारलं.

"नाही, नवी. जुनी बसत नव्हती." आणि लगेच त्यानंच टेबलावर हात मारला. "अरे बाप्पा! मॅडम, या केबलीतून आवाजही जाते. मशीननं आवाज मॉनिटरले पाठवला असेल. अन् याले स्पीकरच नाही!"

तो टेबलाखाली शिरला. केबल ओढल्याचा आवाज आला. आणि त्याच क्षणी स्पीकरमधून वाचक इतक्या मोठ्यानं बोलला की मागची माणसं दचकली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, तो सोडला.

"पण मॅडम, आता पडदा काळा झाला," गजानन खालून म्हणाला. "थांबा, जुना मॉनिटर आणतो."

"राहू दे," बाजी म्हणाल्या. "मले कुठे लागते? साहेब, सांगा पत्र."

साहेबांनी एक स्मरणपत्र सांगायला सुरुवात केली. ते सांगत होते आणि बाजी टाईप करत होत्या, पडद्यावर काही नव्हतं. मागे माणसांची कुजबुज थांबली. मला वाटतं तोपर्यंत त्या सगळ्यांना हे काहीतरी प्रात्यक्षिक वाटत होतं. आता ते पत्र झालं होतं. एकदा साहेबांनी वाक्य बदललं. बाजी मागे गेल्या, ओळ ऐकली, खोडली, नवी लिहिली. मग पूर्ण पत्र ऐकलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि छपाईला दिलं. कोपऱ्यातला प्रिंटर कुरकुरला. साहेबांनी कागद उचलला, वाचला, खिशातून पेन काढलं आणि सही केली. त्या सहीचा, पेन कागदावरून ओढल्याचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला. बाजींनी माझा हात दाबला, जोरात, दुखेल इतका.

मी इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण साहेबांनी पुढे म्हटलं, "उत्तम. आता मागच्या वर्षीची ती फाईल उघडा, तिच्या नमुन्यावर दुसरं पत्र करायचंय."

बाजींनी फाईल शोधली, उघडली. वाचक बोलायला लागला आणि सगळं ऑफिस ऐकत राहिलं: के, सेमीकोलन, एफ, डब्ल्यू, ब्रॅकेट. बाजींनी स्वतःच टाईप केलेली फाईल होती ती. जुन्या फाँटमधली. त्यांच्या सगळ्या नोकरीचं काम त्या मशीनमध्ये अशा भाषेत पडलं होतं जी त्यांना आता कळत नव्हती.

"हे मले नाही वाचता येत साहेब," त्या म्हणाल्या. आवाज स्थिर होता. "नवं सगळं करीन. जुनं नाही जमणार, जोवर कोणी पालटून नाही देत."

मी सांगितलं की जुनी अक्षरं नव्यात बदलायचा उपाय आहे, पण एकदम होत नाही, बदलताना चुका राहतात, कुणीतरी डोळस माणसानं तपासाव्या लागतात. साहेब विचारात पडले. मला तो वेळ सहन होईना. मी काठी घडी केली, उघडली, परत घडी केली.

"मी तपासतो," टेबलाखालून बाहेर आलेला गजानन म्हणाला. "नेहमी लागणाऱ्या फाईली आधी करू. जेवायच्या सुट्टीत बसत जाऊ आम्ही."

साहेब म्हणाले, "सोमवारपासून या."

पहिले काही दिवस सत्तारभाई दुकान उशिरा उघडून बाजींसोबत अकोल्याला यायचे आणि आवारातल्या बाकावर बसून राहायचे. मग एक दिवस बाजींनीच त्यांना परत पाठवलं. "लोकं समजतील, माह्यावर पाळत ठेवून राहिले." ते गेले, पण बस कंडक्टरचा नंबर घेऊन गेले.

सगळं सुरळीत झालं असं लिहायचा मोह होतो. तसं झालं नाही. काही काळानं ऑफिसचं बरंच काम नव्या ऑनलाइन पद्धतीवर गेलं. ती बनवणाऱ्यांनी बटणांना नावं दिली नव्हती. डोळ्याला चित्रं दिसतात, वाचक मात्र नुसतं म्हणतो, "बटण, बटण, बटण." कुठलं मंजुरीचं, कुठलं रद्द करायचं, काही पत्ता नाही. बाजींचा फोन आला तेव्हा त्या पहिल्यासारख्याच चिडलेल्या होत्या. त्यांनी वर लिहिलं, पुन्हा लिहिलं. काही बटणांना नावं मिळाली, काही अजून मुकीच आहेत. हे काम असंच आहे. आज लावून दिलेलं मशीन उद्या नव्या बदलात अडकतं, आणि मी पुन्हा त्याच दारात उभी. बसवून झालं, आता निवांत, असं मला आजवर एकाही घरातून निघताना वाटलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याला दुसऱ्या एकीचं मशीन लावायला गेले होते. काम लवकर उरकलं, म्हणून बाजींच्या ऑफिसात डोकावले. मनात होतं, त्या धावत येतील, सगळ्यांना बोलावतील, चहा मागवतील. दारातून आत शिरले तर कुणाचं लक्षच नाही. फोन वाजत होते, कुणीतरी शिपायाला हाका मारत होतं. आणि त्या गोंधळातून मला ते टायपिंग ऐकू आलं, सलग, एका लयीत. मी आवाजाच्या दिशेनं गेले.

"बाजी, मी कुसुम."

बोटं थांबली नाहीत.

"बसा ताई, तिकडे बाकावर," त्या म्हणाल्या. "साहेब मीटिंगले चालले, त्याईले हे पत्र हातात पाहिजे. मंग बोलू."

मी बाकावर जाऊन बसले. माझ्या एका बाजूला कुणी दाखल्यासाठी आलेला शेतकरी होता, दुसऱ्या बाजूला कडेवर मूल घेतलेली एक बाई. त्या बाईनं मला विचारलं, "तुमचंही काम अडलं का?"

"नाही," मी म्हटलं, "मॅडमला वेळ नाही."

"कधीच नसते त्याईले," ती म्हणाली, आणि आम्ही तिघं वाट पाहत बसलो.